जुन्या येझदीचे वायरिंग: तयार हार्नेस घ्यावा की हाताने बांधावा?

सहा व्होल्टची जुनी येझदी मोटरसायकल गोव्यात बाळगायची, तर कधी ना कधी तिचे वायरिंग मुळापासून बदलावे लागतेच. तेव्हा प्रश्न पडतो तो असा, की बाजारात मिळणारा तयार हार्नेस, म्हणजे गाडीच्या सगळ्या तारांची एकत्र बांधलेली जुडी, आणून बसवावा, की एकेक तार मोजून, कापून नवा बांधावा. जागोजाग सांधे मारून जुनेच वायरिंग पुढे रेटण्याचा मार्ग मी येथे विचारात घेत नाही, कारण टाकीखालच्या तारांची साल वाकवताच तडकू लागली आणि आतले तांबे हिरवे दिसले, की वरून कितीही टेप गुंडाळली तरी दुखणे आत तसेच राहते. मी आधी तयार हार्नेस वापरला असून सध्या माझ्या गाडीवर हाताने बांधलेला आहे, त्यामुळे दोन्हींबद्दल अनुभवाने बोलता येते.

तयार हार्नेसचे गुण मनापासून मान्य केले पाहिजेत. म्हैसूरच्या कारखान्यातले उत्पादन १९९६ साली थांबले, त्यामुळे आज दुकानात मिळतो तो हार्नेस मूळ वायरिंगबरहुकूम केलेली नक्कल असतो. पण तारांचे रंग गाडीच्या वायरिंगच्या आकृतीशी जुळणारे असले, तर कोणत्याही गावचा मेस्त्री तो पाहून दोष शोधू शकतो. बसवायला एखादा दिवस पुरतो, खर्चही आवाक्यात राहतो. गाडी कोरड्या हवेत, दिवसाउजेडी आणि अधूनमधून चालणार असेल, तर याहून अधिक काही करावे असे मी आग्रहाने सांगणार नाही.

माझे मत बदलले ते अर्थिंगमुळे, म्हणजे प्रवाह बॅटरीकडे परत जाण्याच्या वाटेमुळे. मी आणलेल्या हार्नेसमध्ये हेडलाइटसाठी वेगळी अर्थची तार नव्हती. जुन्या पद्धतीप्रमाणे हेडलाइटचा परतीचा प्रवाह त्याच्या डब्यातून पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये, तेथून हँडलखालच्या बॉल रेसमधल्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगमधल्या, गोळ्यांतून फ्रेममध्ये आणि शेवटी बॅटरीकडे जायचा. त्या गोळ्यांभोवती ग्रीस असते, पावसाळ्यानंतर थोडा गंजही असतो, आणि फ्रेमला पावडर कोटिंग केलेले असेल तर तारांच्या टोकांखालचा धातू उघडा राहिलेलाच नसतो. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना प्रत्येक डाव्या वळणावर दिवा पिवळा पडायचा आणि हँडल सरळ केले की पुन्हा उजळायचा. धुक्यात नेमका वळणावरच रस्ता दिसेनासा होणे हा त्रास मला सहन होण्यासारखा नव्हता. बल्ब, होल्डर, स्विच, बॅटरी असे सगळे बदलून पाहिले तरी फरक पडला नाही. शेवटी एक सुटी तार हेडलाइटच्या डब्याला आणि बॅटरीच्या ऋण टोकाला हाताने टेकवून धरली, तेव्हा त्याच क्षणी प्रकाश पांढरा झाला.

बारा व्होल्टच्या गाडीत हाच दोष कदाचित वर्षानुवर्षे ध्यानात येणार नाही. सहा व्होल्टवर ३५ वॉटचा बल्ब सुमारे सहा अँपिअर ओढतो, म्हणजे बारा व्होल्टच्या दुप्पट. अर्धा चौरस मिलिमीटरची तार जाऊन-येऊन तीन मीटर धरली, तर तेवढ्यातच सुमारे ०.६ व्होल्ट खर्ची पडतो. बल्बला मिळणारे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की प्रकाश मात्र जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो, आणि यात गंजलेल्या सांध्यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. डायनॅमो मुळात ४५ वॉटचा, त्यामुळे वाटेत सांडायला फारसे काही शिल्लकही नसते.

हाताने बांधताना हे सगळे आपल्या हातात राहते. मी मुख्य तार आणि अर्थसाठी २.५ चौरस मिलिमीटर, तर दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली, आणि तीही कल्हई केलेल्या तांब्याची, जी बोटींच्या कामासाठी वापरतात. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि वर खारा वारा असलेल्या आपल्या मुलखात साधे तांबे टोकापासून आत हिरवे होत जाते; कल्हईमुळे ते बरेच लांबते. तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे थिंबल पकडीने नीट दाबून त्यावर आतून डिंक असलेली, उष्णतेने आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. बरेच मेस्त्री डाग देणे (सोल्डर करणे) पसंत करतात आणि त्यांचा हात चांगला असतो याबद्दल शंका नाही, परंतु डाग जेथे संपतो तेथे तार ताठ होते आणि एंजिनाच्या थरथरीने नेमकी तेथेच तुटते, असे मी एकाहून अधिक गाड्यांवर पाहिले आहे. चिकट टेपऐवजी विणलेली नळी वापरली, कारण उन्हाळ्यात टेपचा डिंक पाझरतो आणि पावसाळ्यात आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. नळीची खालची टोके मुद्दाम उघडी ठेवली आहेत.

या मार्गाचे तोटेही खरे आहेत. वेळ पुष्कळ लागतो, थिंबल दाबायची चांगली क्रिंपिंगची पक्कड स्वस्तात मिळत नाही, आणि मूळ रंग पाळले नाहीत तर गाडी दुसऱ्याच्या हाती दिल्यावर त्याला काहीच उमगत नाही. म्हणून मी रंग आकृतीप्रमाणेच ठेवले, आणि वाढवलेल्या अर्थच्या तारा व बॅटरीजवळचा फ्यूज दाखवणारा कागद प्लास्टिकमध्ये घालून सीटखाली ठेवला. एवढी चिकाटी किंवा सवड नसलेल्याने तयार हार्नेस घेतला, तर त्यात काही चूक आहे असे मी म्हणणार नाही. मात्र गाडी पावसाळ्यातही चालवायची असेल, रात्री घाट उतरायचा असेल आणि सहा व्होल्टच ठेवायचे असतील, तर माझ्या मते बांधून घेतलेलाच उजवा ठरतो.

तयार हार्नेस आणलाच, तरी टाकी परत चढवण्यापूर्वी हेडलाइटच्या डब्यापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची एक वेगळी तार अवश्य ओढावी. हँडलच्या मानेपाशी तिला थोडा ढील द्यावा आणि दिवा लावून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. जेथे ती ताणली जात असेल किंवा फ्रेमला घासत असेल तेथे क्लिप सरकवावी, आणि मगच टाकीचे बोल्ट आवळावेत.