आधी वाचू का आधी पाहू?

बारावी आटोपून भाची धरमपेठेत आमच्याकडे आली आणि कूलरसमोर बैठक मारतच तिनं विचारलं, "मामा, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आधी वाचू का आधी पाहू?" नागपूरचा मे महिना. दुपारी बाहेर निघायची सोय नाही, म्हणजे वेळ भरपूर. तरी उत्तर एका शब्दात देता येईना.

टॉल्किनचं पुस्तक (१९५४-५५, तीन खंड) निवांत चालतं. बिल्बो या म्हाताऱ्या हॉबिटच्या (हॉबिट म्हणजे बुटकी जमात) वाढदिवशी त्याची जादूची अंगठी फ्रोडोकडे, म्हणजे नायकाकडे येते, त्यानंतर तो घर सोडेपर्यंत सतरा वर्षं जातात. ही अंगठी दुष्ट शक्तीची आहे हे कळतं एप्रिलमध्ये आणि हा गडी निघतो सप्टेंबरच्या शेवटी, घरदार विकून! तीन भागांच्या पिक्चरमध्ये जादूगार गॅन्डाल्फ जातो, जुने कागद चाळतो, परत येतो आणि लगेच पोराला पिटाळतो. ते बरोबरच आहे. संकट दारात असताना नायक घराचा सौदा करत बसला तर थेटरात कोण थांबेल? जंगलात राहणारा टॉम बॉम्बाडिल अख्खा गाळला, त्याचंही मला दुःख नाही. त्याची गाणी मी पुस्तकातही पानं उलटत ओलांडली होती.

दुखतं ते फ्रोडोला वाटेत भेटणाऱ्या सेनानी फारामिरचं. पुस्तकातला फारामिर अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही. पिक्चरमधला फ्रोडोला धरून ओस्गिलियाथ शहरापर्यंत नेतो, मग सोडतो. शेलॉब या जाळं विणणाऱ्या अजस्र कोळिणीचा प्रसंग पुस्तकात दुसऱ्या खंडाच्या शेवटी आहे, पडद्यावर तो तिसऱ्या भागात गेला. मग दुसऱ्या भागात फ्रोडोला अडवणार कोण? ते काम बिचाऱ्या फारामिरच्या गळ्यात पडलं.

शेवटी हॉबिट घरी परततात तेव्हा गाव ओळखू येत नाही, झाडं तोडलेली, गुंडांचं राज्य. हे प्रकरण पिक्चरमध्ये नाहीच. रस्ता रुंद करताना आपल्या गल्लीतले कडुलिंब गेलेले ज्यानं पाहिलेत, त्याला ते फार लागतं.

'हॉबिट' ही टॉल्किनचीच आधीची, बिल्बोची गोष्ट. तिचं गाडं उलटं. १९३७ चं पुस्तक, एकोणीस प्रकरणं, तीनेकशे पानं. त्याचे २०१२ ते २०१४ मध्ये तीन पिक्चर झाले, जवळपास आठ तासांचे. चार जणांचा सावजी रस्सा पाणी ओतून वीस जणांना वाढावा, तसं. पुस्तकात ऐन लढाईत बिल्बोला दगड लागतो, तो बेशुद्ध पडतो आणि काही पानांत लढाई उरकते. पडद्यावर ती संपता संपत नाही. पिक्चरमधली टॉरिएल ही लढवय्यी तर पुस्तकात नाहीच.

म्हणून तिला सांगितलं, 'हॉबिट' फक्त वाच. 'रिंग्ज' आधी पाहा. तिन्ही भाग मिळून सव्वानऊ तास, म्हणजे तीन दुपारी. चेहरे डोळ्यांसमोर असले की पुस्तकाची पहिली रेंगाळणारी शंभर पानं सरतात. तोटा एकच, फारामिर आधी चुकीचा भेटेल.

"तर मग काहून पाहू आधी?" म्हणत तिनं 'रिंग्ज'चा जाडा ठोकळा हातात तोलून पाहिला, परत फळीवर ठेवला आणि 'हॉबिट' पिशवीत टाकलं.