दुखणाऱ्याची तयारी मोजायची कशी? दोन प्रश्नावल्या

कंबर वर्षानुवर्षे दुखते आहे, तपासण्या झाल्या, आता व्यायाम आणि सवयी बदलायच्या आहेत. पण रुग्ण मनाने तयार आहे का? हे पाहणाऱ्या दोन प्रश्नावल्या अमेरिका-कॅनडातल्या वेदनातज्ज्ञांनी दिल्या.

पहिली १९९७ ची, रॉबर्ट कर्न्स आणि सहकाऱ्यांची. सिगारेट सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेले बदलाचे टप्पे तिने वेदनेला लावले. ३० विधाने, चार गट: विचारच नाही, विचार चालू, कृती, सातत्य. 'माझं दुखणं डॉक्टरांनीच बरं करायचं' असे ठामपणे मानणारा पहिल्या गटात जास्त गुण मिळवतो. अशा माणसाला थेट व्यायामाचा तक्ता देऊ नये. आधी त्याचे म्हणणे नीट ऐकावे. हा इशारा वेळेवर मिळतो, हे तिचे मोठे बळ.

अडचण अशी की माणूस एका टप्प्यात मावत नाही. रोज चालायला राजी असलेली बाई घरकाम मात्र एका दमात उरकते आणि संध्याकाळी आडवी होते. मधे थांबायला ती तयारच नसते, आणि घरात तिला कुणी थांबूही देत नाही!

नील्सन, जेन्सन आणि कर्न्स यांची २००३ ची प्रश्नावली इथे कामी येते. व्यायाम, शिथिलीकरण (शरीर सैल सोडणे), काम मधे थांबत थोडे थोडे करणे, मदत मागणे टाळणे अशा प्रत्येक गोष्टीची तयारी ती वेगळी विचारते. ती भरायला वेळ लागतो.

पहिल्या भेटीत मी जुनीच निवडेन. फिजिओथेरपी सुरू करताना मात्र दुसरीच हवी.