राहतं घर मुलांना द्यायचंय: मृत्युपत्र की बक्षीसपत्र?

"घर आत्ताच लेकीच्या नावावर करून टाकू, म्हणजे मागे कटकट नको," असं अनेक आईवडील म्हणतात. काळजी खरी आहे, पण निर्णय घाईचा ठरू शकतो. माझं मत आधीच सांगते: राहतं घर एकच असेल तर मृत्युपत्र करा. बक्षीसपत्राचा, म्हणजे हयातीतच मालकी देऊन टाकणाऱ्या दस्ताचा, विचार दुसरा फ्लॅट किंवा गावाकडची जमीन असेल तर करा.

मृत्युपत्रात घर शेवटपर्यंत तुमचंच राहतं. मन बदललं, नातं बिघडलं, पैशांची गरज पडली, तर मृत्युपत्र बदला, नाहीतर घर विकून मोकळे व्हा. मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. नोंदणी केलेली बरी, पण तिने मृत्युपत्र अभेद्य होत नाही. नंतर केलेलं बिननोंदणीचं मृत्युपत्रही आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्रावर मात करतं.

त्याची खरी परीक्षा तुमच्या माघारी होते. ज्याला वाटा मिळाला नाही तो म्हणतो, "बाबांना तेव्हा काही कळत नव्हतं, ताईने सही करून घेतली." मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच शंका दूर करायच्या असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्येच स्पष्ट केलं. ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर शंका आणखी गडद होते. म्हणून ज्या मुलाला घर द्यायचं, त्याला मृत्युपत्रावर सही करायच्या दिवशी सोबत नेऊ नका. साक्षीदार दोन हवेत, लाभार्थी नकोत आणि शक्यतो तुमच्याहून वयाने लहान असावेत, कारण वाद झाला तर हयात असलेल्या किमान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहावं लागतं. तुम्ही सही करताना दोघांनी पाहावं आणि दोघांनी तुमच्यासमोर सही करावी. प्रत्येक पानावर तुमची सही असू द्या आणि तुम्हाला सगळं नीट कळतंय असा डॉक्टरांचा दाखला त्याच तारखेचा घ्या. एखाद्या मुलाला वगळत असाल तर कारण लिहा: "धाकट्याला 2015 मध्ये दुकानासाठी रक्कम दिली आहे, म्हणून या घरात त्याला वाटा ठेवलेला नाही." अशा एका वाक्याने पुढचे कितीतरी आरोप बोथट होतात.

बक्षीसपत्राचं बळ वेगळं आहे. नोंदणी सक्तीची, दोन साक्षीदार हवेत आणि घेणाऱ्याने तुमच्या हयातीतच ते स्वीकारायला हवं. मग सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावरचा फेरफार तुमच्या डोळ्यांदेखत होतो. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा असतो, तो निबंधक कार्यालयात विचारून घ्या. भाऊबहीण या सवलतीत बसत नाहीत.

पण एकदा दिलेलं परत मागता येत नाही. मुलगा विचारत नाही, एवढ्या कारणाने बक्षीसपत्र रद्द होत नाही. दिलेली मालमत्ता परत मिळवायला 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम 23 चा आधार आहे, पण त्यासाठी सांभाळ करण्याच्या अटीवर हस्तांतर झालेलं असावं लागतं. ती अट सिद्ध व्हायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये मात्र त्याच न्यायालयाने या कायद्याचा उदार अर्थ लावून आईला तिची मालमत्ता परत मिळवून दिली. तेव्हा बक्षीसपत्र करणारच असाल तर दस्तातच लिहून घ्या: "लिहून देणार यांना सदर घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील व लिहून घेणार हे त्यांचा सांभाळ व औषधोपचार करतील, तसे न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील." "मुलाला वाईट वाटेल" म्हणून ही ओळ गाळणारे आईवडील पाहिले की जीव तुटतो. जो मुलगा खरंच सांभाळणार आहे, त्याला या ओळीचा काहीच त्रास नसतो.

दोन्हींआधी एक तपासा: घर पूर्ण तुमचं आहे का? हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मालमत्तेत 2005 च्या दुरुस्तीपासून मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. मृत्युपत्राने तुम्ही फक्त तुमचा हिस्सा देऊ शकता. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एकतृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. सोसायटीत नॉमिनी लावला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी मालमत्ता सांभाळतो, मालकी वारसांकडे किंवा मृत्युपत्रातल्या लाभार्थीकडे जाते.

मूल दिव्यांग असेल आणि स्वतःचे व्यवहार करू शकत नसेल, तर दोन्ही मार्ग अपुरे पडतात. तिथे खासगी ट्रस्ट करून विश्वासू माणसं विश्वस्त नेमा आणि खर्च कशावर, कधी, किती करायचा ते ट्रस्टच्या दस्तात लिहा. या कामासाठी अनुभवी वकिलाची फी देण्यात काटकसर करू नका.