दिलासा केंद्र, वांद्रे: उपचार आधी, प्रश्न नंतर

लैंगिक अत्याचारानंतर रुग्णालयात आलेल्या स्त्रीला आधी उपचार मिळतात की आधी उलटतपासणीला तोंड द्यावे लागते, यावरून मी अशा सेवेची पारख करते. मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेने २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात सुरू केलेले 'दिलासा' केंद्र या बाबतीत मला सर्वांत उजवे वाटते.

मुळात घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी असलेल्या या कामातूनच पुढे, २००८ पासून, लैंगिक अत्याचारग्रस्तांसाठीची कार्यपद्धती वांद्र्यासह राजावाडी रुग्णालयात आणि ओशिवरा प्रसूतिगृहात रुजवली गेली. उपचार, तपासणी आणि नमुने घेणे यांसाठी स्वतंत्र संमती विचारणे, हकिकत तिच्याच शब्दांत नोंदवणे आणि समुपदेशकाने पुढेही पाठपुरावा करणे, हा या पद्धतीचा गाभा आहे. तपासणीला नकार दिला तरी उपचार थांबत नाहीत, आणि हेच मला सर्वांत मोलाचे वाटते; कारण एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत आणि गर्भधारणा टाळण्याची गोळी पाच दिवसांच्या आत, तीही शक्य तितकी लवकर, सुरू व्हावी लागतात.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी हीच दृष्टी देशभरासाठी मान्य केली आणि योनीत दोन बोटे घालून केली जाणारी 'टू फिंगर टेस्ट' बाद ठरवली. तरीही ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये बजावावे लागले, ही अत्यंत क्लेशदायक गोष्ट आहे.

उणीव आहे ती या सेवेच्या आवाक्याची. एका परिचित मुलीसोबत मी दुसऱ्या एका रुग्णालयात गेले, तेव्हा तिथे पोलिसांचे पत्र आणल्याशिवाय केसपेपर काढायला नकार मिळाला. वास्तविक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत प्रथमोपचार किंवा वैद्यकीय उपचार तत्काळ दिलेच पाहिजेत, आणि ते नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अपघात विभागातील प्रत्येक पाळीच्या डॉक्टर आणि परिचारिकांना या कार्यपद्धतीचे प्रशिक्षण मिळत नाही, तोवर बाईच्या वाट्याला काय येईल हे त्या वेळी ड्यूटीवर कोण आहे यावरच ठरत राहील.

सोबत जाणाऱ्यांनी वैद्यकीय अहवालाची प्रत मागून घ्यावी. ती मोफत मिळते. अत्याचारग्रस्तांसाठीच्या राज्य सरकारच्या 'मनोधैर्य' योजनेच्या अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.