शॉटकटमध्ये फोटोंची जोडाजोडी : आठ महिन्यांनंतर

अण्णांची पंच्याहत्तरी होती. जुन्या अल्बममधले साठ फोटो स्कॅन केले आणि हॉलमधल्या टीव्हीवर लावायला व्हिडिओ करायला बसले. माझा हात मूव्ही मेकर या मायक्रोसॉफ्टच्या व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरवर बसलेला. दोन फोटोंच्या मधल्या चौकोनात ट्रान्झिशन, म्हणजे एका फोटोवरून दुसऱ्यावर जायची तऱ्हा, ओढून टाकलं की संपलं. पण मायक्रोसॉफ्टने विंडोज इसेन्शियल्स या फुकट सॉफ्टवेअरच्या संचाचं दुकान १० जानेवारी २०१७ला बंद केलं आणि त्याबरोबर ते मूव्ही मेकरही गेलं. म्हणून शॉटकट हे व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट, मुक्तस्रोत, व्हिडिओवर वॉटरमार्क नाही.

पहिला रविवार ट्रान्झिशनची यादी शोधण्यात गेला. तशी यादी इथे नाहीच. टाइमलाइनवर, म्हणजे फोटो क्रमाने मांडायच्या पट्टीवर, एकाच ट्रॅकवरचा (एकाच ओळीतला) फोटो शेजारच्या फोटोवर थोडासा सरकवायचा. जेवढा एकावर एक चढला तेवढं ट्रान्झिशन. तिथे फुलीसारखी खूण दिसते, तिच्यावर क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की प्रकार बदलता येतो. काही न बदलल्यास डिझॉल्व्ह, म्हणजे एक फोटो दुसऱ्यात विरत जाणं. हे कळल्यावर वाटलं, यापेक्षा सरळ काय असणार! साडीच्या घड्या घालताना पदर पदरावर येतो तसंच.

पण या चढण्यात एक मेख आहे आणि मी तिच्यात पुरती अडकले. फोटो टाइमलाइनवर टाकला की आपोआप चार सेकंदांचा होतो. साठ फोटो, म्हणजे २४० सेकंद. पुतण्याने वाजवलेली पेटी बरोबर चार मिनिटांची रेकॉर्ड करून ठेवली होती. सगळ्या जोडांवर एकेक सेकंदाचं डिझॉल्व्ह दिलं आणि व्हिडिओ तीन मिनिटांत संपला, पुढे काळ्या पडद्यावर पेटी एकटीच वाजतेय! साठ फोटोंना जोड एकोणसाठ, प्रत्येक जोडाने एक सेकंद खाल्लेला. उरले १८१. मग फोटो पाच सेकंदांचा धरला : ३०० वजा ५९, म्हणजे २४१. आता हे गणित मी आधी कागदावर करते, मगच माउसला हात लावते. क्रमही आधीच पक्का करते, कारण मधलाच एखादा फोटो काढला की दोन्हीकडचे जोड विस्कटतात आणि परत ओढाओढी.

प्रकार भरपूर आहेत. बार, बार्न डोअर, आयरिस, क्लॉक, मॅट्रिक्स. सुरुवातीला मी सगळे वापरले, नवीन मसाल्याचा डबा मिळाल्यासारखे. आत्याने पहिला कच्चा व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, "अगं, दादाच्या तोंडावरून घड्याळाचा काटा कशाला फिरवलायस?" अण्णांचा मुंजीतला फोटो होता, त्यावर क्लॉक. त्या दिवशी सगळी नक्षी काढून टाकली. आता साधं डिझॉल्व्ह आणि जिथे गाव किंवा काळ बदलतो तिथे फोटो काळ्यात विरवून पुढचा काळ्यातून आणते. वाइप (पुढचा फोटो मागच्याला पुसत येतो तो प्रकार) अगदीच हवा वाटला तर सॉफ्टनेस वाढवून त्याची धार मोडते.

उभे-आडवे फोटो हे खरं दुखणं. १६:९च्या पडद्यावर उभ्या फोटोच्या दोन्ही बाजू रिकाम्या राहतात आणि आडव्यातून उभ्यात जाताना ती उडी डोळ्याला टोचते. ब्लर : पॅड नावाचा फिल्टर लावला की त्याच फोटोची धूसर छटा बाजूंना पसरते आणि विरणं मऊ होतं. सगळ्या उभ्या फोटोंना लावावा.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका जोडाने. आजी वाड्याच्या ओट्यावर तांदूळ निवडतेय आणि वीसेक वर्षांनी त्याच ओट्यावर, तशाच कुशीवर वळून, आई. हे दोन फोटो एकमेकांत विरावेत असं मनात होतं. नुसतं डिझॉल्व्ह दिलं तर एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर येत होतं. मग आईचा फोटो वरच्या ट्रॅकवर ठेवला, ओपॅसिटी निम्मी केली म्हणजे फोटो अर्धा पारदर्शक केला, साइज, पोझिशन अँड रोटेट फिल्टरने सरकवत सरकवत डोळ्यांवर डोळे आणले. ओट्याची कड आपोआप जुळली. मग फोटो परत खालच्या ट्रॅकवर, ओपॅसिटी पूर्ववत, आणि डिझॉल्व्ह तीन सेकंदांचं. अशा लांब जोडासाठी फोटोही लांब लागतो, नाहीतर पुढचं डिझॉल्व्ह मागच्यावर चढतं. दोन्ही आठ सेकंदांचे केले. मध्यावर क्षणभर तिसराच चेहरा दिसतो, दोघींचा मिळून. अण्णा तिथे "परत लाव" म्हणाले.

घाईच्या कामाला, सोसायटीच्या गणपतीचे दीडशे फोटो वगैरे, प्लेलिस्टच्या मेनूतला स्लाइडशो जनरेटर पुरतो. फोटोची लांबी, ट्रान्झिशनची लांबी आणि प्रकार एकदाच सांगायचा. मोबाइलचे व्हिडिओ मधे घालत असाल तर जोडावर आवाजही एकमेकांत मिसळतात हे ध्यानात ठेवा. आरतीत कुकरची शिट्टी आली होती माझ्या. जोडाच्या त्याच प्रॉपर्टीजमध्ये एकाच बाजूचा आवाज ठेवायची सोय आहे.

माझा लॅपटॉप जुना, त्यामुळे मोठ्या स्कॅनवर डिझॉल्व्ह अडखळत दिसायचं आणि मी उगीचच जोड परत परत करत बसायचे. प्रिव्ह्यू स्केलिंग, म्हणजे काम करताना दिसणाऱ्या चित्राचा दर्जा, ३६०पीवर उतरवल्यावर कळलं, जोड बरोबरच होते. आता आत्याला तिच्या माहेरच्या फोटोंचा वेगळा व्हिडिओ हवाय. घड्याळाशिवाय, असं तिने दोनदा सांगितलंय.