चाई पडली: लेप की सुई?

फोंड्याहून मावसबहिणीचा फोन. कॉलेजात जाणाऱ्या थोरल्याच्या डोक्यात रुपयाएवढी चाई पडलीय, तेवढ्या जागेचे केसच गेलेत. धारगळच्या आयुर्वेद संस्थेत न्यायचा की बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात)?

तिला म्हटलं, आधी नायटा नाही ना, हे त्वचातज्ज्ञाकडून बघून घे. खवले, खाज असेल तर प्रकरणच वेगळं.

आयुर्वेदात याला इंद्रलुप्त म्हणतात. सुश्रुतानं सांगितलेला उपाय म्हणजे जागा खरवडून किंचित रक्त काढायचं आणि वर गुंजेचा लेप. जोडीला भृंगराज तेल, पोटातली औषधं, पथ्य. गुंज विषारी असते, त्यामुळे घरी वाटून लावण्याचा उद्योग नको, वैद्याच्या हातूनच. खरी कसोटी चिकाटीची: महिनोन्‌महिने तेल-लेप, आणि पोरगं तेलकट डोक्यानं कॉलेजला जाईल का, देव जाणे.

त्वचातज्ज्ञ चाईतच स्टिरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात, चार-सहा आठवड्यांनी एकदा. टोचतं. जागेवर त्वचा थोडी खोलगट होऊ शकते. पण पुरावा याच्या बाजूनं जास्त.

टिकण्याच्या बाबतीत दोघेही सारखेच. शरीराचीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते, म्हणून चाई पुन्हा पडू शकते. लहानशी चाई पुष्कळदा वर्षभरात आपोआपही भरते. श्रेय मात्र तेलाला मिळतं!

एकच चाई, घाई नाही, सुईची भीती आहे, तर वैद्याकडे जायला हरकत नाही. चाया वाढताहेत, भुवया-दाढीही जातेय किंवा लग्न तोंडावर आहे, तर सरळ बांबोळी.