जुन्या काळचं सरफेस टेम्परेचर: तयार तक्ता घ्यायचा की कर्व्ह स्वतः बांधायचा?

बेसिन मॉडेलिंगला (गाळाचे थर कसे साचले, तापले आणि त्यातून तेल कधी निघालं याचा संगणकावरचा हिशोब) नवीन लागलेली दोन पोरं परवा रंकाळ्यावर भेटली आणि दोघांचा प्रश्न एकच, सरफेस टेम्परेचरला, म्हणजे त्या त्या काळी जमिनीचं किंवा समुद्रतळाचं तापमान किती धरायचं त्याला, विग्राला यांचा १९८९चा काळ आणि अक्षांशावरून तापमान देणारा तक्ता चालेल का, की आयसोटोप (जुन्या कवचांतल्या जड-हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण), टेक्स-८६ (समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या चरबीवरून तापमान काढायची पद्धत) असला डेटा जमवून आपणच कर्व्ह बांधायचा. मी दोन्ही करून बघितलंय, पश्चिम किनाऱ्याकडच्या एका छोट्या बेसिनवर, त्यामुळं माझं मत त्या कामावरून बनलंय हे आधीच सांगतो.

तक्ता सोपा आहे यात वादच नाही. प्रदेश निवडा, अक्षांश टाका, पाच मिनिटांत कर्व्ह हातात. आपला उपखंड दक्षिण गोलार्धातून वर सरकत आला हे पण त्यात धरलेलं असतं, आणि पाण्याची खोली दिली की समुद्रतळाचं तापमान निघतं. तुमचे थर आज सगळ्यात जास्त खोलीवर असतील, म्हणजे गाळ अजून साचतोच आहे, तर माझ्या मते तक्ताच घ्या, कारण थर आज सगळ्यात गरम आहेत आणि आजचं तापमान आपल्याला माहीतच आहे.

माझ्याकडं मात्र थर इओसीनमध्ये (साधारण ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीचा काळ) खोल गेले आणि नंतर उचलले गेले, वरचं बरंच धुपून गेलं. म्हणजे व्हिट्रिनाइटवर (खडकातले कोळशासारखे कण, तापले की जास्त चकाकतात) जी मॅच्युरिटी, म्हणजे खडक किती शिजलाय ते, दिसते ती त्या काळची, आणि तेव्हा जमीन किती गरम होती ते चुकलं की सगळंच चुकतं. तक्ता टाकल्यावर मॉडेलची मॅच्युरिटी कमी यायची, मग मी सगळे करतात तेच केलं, हीट फ्लो (पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता) थोडा वाढवला. वेलला, म्हणजे खोदलेल्या विहिरीतल्या मोजमापांना, मॅच इतकं छान बसलं की मी खूश होतो. हेच मला नंतर सगळ्यात जास्त खुपलं. हिशोब करून बघा, वरचं तापमान समजा ६ अंश कमी धरलं आणि वेलमधला सँपल तेव्हा २ किलोमीटरवर होता, तर ते भरून काढायला किलोमीटरमागं ३ अंश वाढवावे लागतात. पण वेल असते उंचवट्यावर आणि किचन, म्हणजे खडक तापून तेल तयार होतं ती जागा, खाली ४ किलोमीटरवर, तिथं तेच वाढवलेले ३ अंश १२ होतात, त्यातले ६ वजा केले तरी ६ अंश जास्तच. वेलवर चूक दिसत नाही आणि जिथून तेल यायचं तिथंच ती जाऊन बसते. सरफेसची चूक सगळ्या खोलीला सारखीच लागते, हीट फ्लोची चूक खोलीबरोबर वाढत जाते, म्हणून एकीनं दुसरी झाकायची नाही हे तेव्हापासून पक्कं केलं.

मग कर्व्ह बांधायला घेतला, आणि त्यात त्रास आहे हे मान्य. कच्छमधून आणलेला नुम्युलाइट (एकपेशी समुद्री जीवाचं जीवाश्म झालेलं कवच) माझ्या टेबलावर अजून आहे, नाण्यासारखा चपटा, मधोमध कापला की आत बारीक खोल्यांची गुंडाळी दिसते, एवढ्याशा कवचात त्या समुद्राचं तापमान साठलंय हे मला आजही भारी वाटतं. पण कवच नंतर समुद्रतळाशी पुन्हा स्फटिकलं असेल तर आकडा थंडीकडं झुकतो, नदीचं गोडं पाणी मिसळलं असेल तर उलटा गरमीकडं, आणि टेक्स-८६ला कॅलिब्रेशन (मोजमापाचं तापमान करायचं सूत्र) कुठलं घेतलं त्यावर गरम टोकाला काही अंशांचा फरक पडतो. मधले काळ रिकामे राहतात ते वेगळंच. तिथं मी तक्त्याचाच आकार ठेवला आणि डेटा होता तेवढेच बिंदू वर ओढले. खोल पाण्याच्या बेसिनला हे पुरणार नाही, तिथं तळाच्या पाण्याचं बघावं लागतं, आज ते २-३ अंशांवर आहे पण इओसीनच्या सुरुवातीला १० अंशांच्या वर होतं.

पन्हाळ्यावर गेलात तर पायाखालचा जांभा बघा, ऊन आणि पाऊस दोन्ही भरपूर असल्याशिवाय खडक असा होत नाही, वय सांगत नसला तरी आपल्याकडं किती गरम असू शकतं ते सांगतो.

माझ्या मॉडेलमध्ये नवीन कर्व्ह टाकल्यावर हीट फ्लो परत खाली आणता आला, वेलचं मॅच आधीसारखंच राहिलं आणि किचनमधलं तेल निघायला उशिरा सुरुवात झाली, ट्रॅप (तेल अडकून साठतं ती जागा) तयार झाल्यानंतर. मला दोन महिने लागले, तुम्हाला तेवढा वेळ मिळेलच असं नाही. पण थर उचलले गेले असतील तर निदान मॅक्सिमम बरियलच्या (थर सगळ्यात खोल होते त्या) काळापुरता तरी आकडा स्वतः शोधा, बाकी कर्व्ह तक्त्याचा राहिला तरी चालेल.